अण्णांचा डबा

पनवेल हे तसं औषधांचं गाव. कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये इथेच 'धूतपापेश्वर' हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू केला. अशा गावात, तेही गणपतीच्या मांडवात, डॉक्टरांची टर उडवणारं नाटक करायचं आमच्या हौशी मंडळींनी ठरवलं. नाटक मोलिएरचं, काहीही झालेलं नसताना सदा आजारी असणाऱ्या आर्गांचं. मोलिएर आपल्याला परका नाही. हरिभाऊ आपट्यांचं 'मारून मुटकून वैद्यबुवा' त्याच्याच नाटकावरून घेतलेलं.

रूपांतर करताना वाटलं होतं त्यापेक्षा कमी अडलं. मूळ नाटकात एनिमाची रेलचेल आहे. त्याला आपल्याकडे 'बस्ती' हा शब्द तयारच! मंडळाच्या अध्यक्षांनी मात्र "बायकामुलं असतात हो," म्हणून त्यातल्या निम्म्या काढायला लावल्या.

आर्गां मी. नक्कल करायला माणूस घरातच होता. आमचे अण्णा दिवसातून दहादा स्वतःची नाडी बघत. गोळ्यांनी भरलेला त्यांचा बिस्किटांचा डबा मी सरळ रंगमंचावर नेला. पडदा उघडला की आर्गां औषधांच्या बिलांची बेरीज करत बसलेला असतो. मी डबा उघडून चष्मा कपाळावर ढकलला आणि अख्खी आळी ओळखून हसली. पुढे मोलकरीण डॉक्टरचं सोंग घेऊन येते. डोकं दुखतंय? फुप्फुस! पोट दुखतंय? फुप्फुस! तिथे तर हशा थांबेना. दुसऱ्या रांगेत अण्णा तोंडाला रुमाल लावून हसत होते. निदान मला तसं वाटलं.

रात्री डबा परत घेताना ते म्हणाले, "बाकी ठीक. खोकला जमला नाही तुला. ज्याला खोकला असतो तो दाखवत नाही, दाबतो."

हे मोलिएरला ठाऊक असणार. तो स्वतःच आर्गां करायचा, आणि त्याचा खोकला खरा होता. १७ फेब्रुवारी १६७३ रोजी, चौथ्याच प्रयोगात, त्याला रंगमंचावर झटका आला. तरी त्यानं नाटक पुरं केलं आणि त्याच रात्री घरी तो गेला. वय ५१. आर्गांची ती खुर्ची पॅरिसच्या कॉमेदी फ्रान्सेजनं अजून जपून ठेवली आहे.

अण्णांचा खोकला आम्ही दोन वर्षं ऐकत होतो. "झालं यांचं सुरू," म्हणून टीव्हीचा आवाज वाढवत होतो. दिवाळीनंतर त्यांच्या छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला, बराच वेळ पाहिला आणि मला बाहेर बोलावलं.

परत खोलीत गेलो तेव्हा काय सांगावं ते सुचेना. अण्णांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग बोट वर करून, त्या मोलकरणीच्या आवाजात म्हणाले, "फुप्फुस!" आणि मी हसतोय का, ते बघत राहिले.