दोघांत एक प्लेट

कागल सोडून दूधगंगेचा पूल ओलांडला की कर्नाटक लागतं. नवरा-बायकोनं स्वस्तात बेळगाव करायचं ठरवलं, तर पहिला हिशेब याच पुलावर मांडावा लागतो. महाराष्ट्राच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पण ते राज्याच्या हद्दीपुरतं; पुलापुढच्या टप्प्याचे पैसे पूर्ण. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजना आहे. साध्या गाडीत बाईला पैसेच नाहीत, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट हातात देतो. मात्र ही सवलत कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना, ओळखपत्र दाखवून आणि राज्यातल्या राज्यात. तेव्हा कोल्हापूरहून निघालेल्या बाईला हद्दीपर्यंत अर्धं तिकीट, मला निपाणीहून बेळगावपर्यंत फुकट, आणि पुरुषमंडळींना दोन्हीकडे पूर्ण. आंतरराज्य गाडीत शक्तीचा भरवसा धरू नये. आम्ही निपाणी-बेळगाव अशी राज्यातच धावणारी साधी गाडी पकडतो. एक तिकीट वाचतं, त्यात संध्याकाळचं खाणं होतं.

मी निपाणीची. मराठी शाळेत शिकवते. हे तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितात. शनिवारची शाळा सकाळची असते. ती सुटली की एक पिशवी घेऊन निघायचं आणि रविवारी रात्री परत यायचं, एवढीच आमची सहल. अंतर साधारण ७५ किलोमीटर. बेळगाव नाका सोडला की तवंदीचा घाट, मग संकेश्वर, मग राणी चन्नम्माचं जन्मगाव काकती. याच महामार्गावर १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूचे शेतकरी ठाण मांडून बसले होते. आज पुण्या-मुंबईच्या गाड्या इथून सुसाट गोव्याकडे जातात. बेळगाव त्यांच्या लेखी चहाला थांबायचं ठिकाण, याचं मला फार वाईट वाटतं. ज्या गावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं आहे, जिथे इंदिरा संतांनी आयुष्य काढलं, त्या गावाला एक रात्र तरी द्यायला हवी.

कधी जायचं, यापेक्षा कधी जायचं नाही हे आधी बघावं. डिसेंबरात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथल्या सुवर्ण विधानसौधात भरतं. ते चालू असताना आमदार, अधिकारी, पोलीस, पत्रकार यांनी खोल्या अडवलेल्या असतात, आणि उरलेल्यांचे दर आमच्यासारख्यांना झेपत नाहीत. १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी माणसांचा काळा दिवस. चन्नम्मा चौकाकडचे रस्ते बंद. सीमाभागात तणाव झाला की दोन्ही राज्यांच्या गाड्या हद्दीवर थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये थांबल्या, फेब्रुवारी २०२५ मध्येही थांबल्या. कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी अशा वेळी मिरजेहून रेल्वे धरावी, ती थेट बेळगावात उतरवते. एरवी, माझ्या मते, पाऊस ओसरल्यापासून दिवाळीच्या आधीपर्यंतचे शनिवार-रविवार सगळ्यात चांगले.

खोली कुठे घ्यावी, याबद्दल माझं मत पक्कं आहे. बाजारात. मध्यवर्ती बसस्थानकाच्या आसपास आणि स्टेशनजवळ लॉज भरपूर आहेत, रात्री उशिरा उतरणाऱ्याला ते बरे. पण गाव बघायचं असेल तर खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली, किर्लोस्कर रोड या पट्ट्यातला एखादा जुना लॉज शोधावा. खोली चार पैसे महाग पडली तरी चालेल, कारण मग रिक्षा लागत नाही. रिक्षात बसायचंच झालं तर भाडं आधी ठरवावं. मीटरवर विसंबू नये.

पैसे देण्याआधी खोली उघडून बघायची, हे मी एकटी करते. ह्यांना भिडेपोटी जमत नाही. नळ सोडून बघायचा. गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं ते विचारायचं, कारण बऱ्याच ठिकाणी ते सकाळचे दोन-तीन तासच असतं. कडी आतून नीट बसते का, खिडकी बंद होते का, उशीच्या अभ्र्याला ओलीचा वास आहे का? बेळगावचा पाऊस असा, की श्रावणात बंद खोली ओलीच्या वासानं भरून जाते. मग एक महत्त्वाचा प्रश्न : चोवीस तासांचा हिशेब आहे की दुपारी बाराला खोली सोडायची? चोवीस तासांचा असेल तर शनिवारी तीनला घेतलेली खोली रविवारी तीनपर्यंत आपली, आणि रविवारचं जेवण झाल्यावर तासभर आडवं होता येतं. साधी डबल खोली आम्हाला हजाराच्या आत मिळत आली आहे. पक्कं बिल मिळणार असेल तर दर जीएसटी धरून सांगितलाय का, तेही विचारावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर तो ५ टक्के आहे.

जोडप्यांसाठी आणखी एक गोष्ट. आधार दोघांचंही लागतं, एकाच्या कार्डावर भागत नाही. एका लॉजवर मॅनेजरनं आमची कार्डं हातात घेतली, पत्त्यात ‘जिल्हा बेळगाव’ वाचलं आणि ती तशीच काउंटरवर परत ठेवली. ‘लोकलला देत नाही.’ आमची मुलगी कॉलेजात शिकते. त्या माणसानं आम्हा दोघांकडे ज्या नजरेनं बघितलं, ती नजर मला अजून बोचते. सज्ञान जोडप्याला, लग्न झालेलं असो वा नसो, खोली देऊ नये असा काही कायदा नाही. जवळच्या गावचा पत्ता असला म्हणून हाकलावं असाही नाही. हा लॉजवाल्यांनी आपल्या मनानं घातलेला नियम आहे, आणि त्यात भरडली जातात ती सरळ मार्गानं आलेली माणसं. त्या दिवशी दोन गल्ल्या पुढे एका म्हाताऱ्या मालकानं कार्डावरचा पत्ता वाचला आणि विचारलं, ‘निपाणीचं व्हय? मग वयनी, मागची खोली घेवा, पुढं गाड्यांचा लई आवाज.’ तेव्हापासून मी निघण्याआधी फोन करून स्पष्ट विचारते : निपाणीचं आधार चालतंय का? नव्यानं फिरायला लागलेल्या जोडप्यांनीही हा प्रश्न फोनवरच विचारावा. रात्री पिशवी घेऊन दारोदार फिरण्यापेक्षा ते बरं.

आता खाण्याकडे येते. आमचा एकच नियम, दोघांत एक प्लेट. पैसे वाचतात ते आहेच, पण खरी गोष्ट पोटाची आहे. दोघांनी एकेक प्लेट मागवली की पहिल्याच गाड्यावर भूक मरते. एकीतच दोघांनी खाल्लं की संध्याकाळभरात चार गाडे होतात, आणि एकेका गाड्यावर उभं राहून दोन शब्द बोलायलाही सवड मिळते. एरवी घरी आम्ही बोलतो ते गॅसचं सिलिंडर आणि मुलीची फी एवढंच.

संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर खडेबाजारात आणि रामदेव गल्लीकडे भज्यांच्या कढया तापलेल्या असतात. मिरची भजी खावी तर इकडची. त्यासाठी लांब, जाड, फिकट पोपटी मिरची घेतात. ती जिभेला चटका देते, पण डोळ्यांत पाणी आणत नाही. गाडेवाला मिरचीचं देठ ठेवतो, देठाला धरून ती बेसनात बुडवतो, पातेल्याच्या काठावर एक बाजू निपटतो आणि तेलात आडवी सोडतो. अर्धी तळली की काढून बाजूला रचतो. गिऱ्हाईक आलं की तीच पुन्हा कढईत जाते आणि वरून कडक होऊन येते. सोबत कागदावर चिरमुरे, त्यावर बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू. मिरचीचा एक घास, चिरमुऱ्यांची एक मूठ. ‘आणि एक घालू की वो?’ असं तो विचारतो, त्याला नाही म्हणणं अवघड.

गाडा निवडताना मी तेल बघते आणि गिऱ्हाईक बघते. तेल काळं पडलेलं असेल तर पुढे. बाजारहाट करून आलेल्या बायका पिशव्या पायाशी ठेवून उभ्या असतील तर तिथेच थांबायचं. त्या रोजच्या असतात आणि वाईट खाऊन पुन्हा येत नाहीत. पावसाळ्यात पाणीपुरी, कापून ठेवलेली फळं नकोत. उकळत्या तेलातून किंवा तव्यावरून थेट हातात येईल तेवढंच खावं.

रविवारी सकाळी शिरा-उप्पीट एकाच बशीत मागवायचं. एक बाजू गोड, एक तिखट. नाहीतर लोण्याचा गोळा वितळत असलेला डोसा. दुपारचं जेवण मात्र खानावळीत, आणि तिथे आमचा नियम मोडतो. पोटभर ताटात दोघांनी जेवायचं नाही. मालकानं ताटाचा दर एका माणसाच्या भुकेवर ठरवलेला असतो. त्यात वाटणी करणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणं. दोन ताटं घ्यावीत.

लिंगायत खानावळीचं जेवण ज्यांनी खाल्लं नाही त्यांनी ते शोधून खावं. ज्वारीची भाकरी, मऊ हवी की कडक ते विचारतात. तेलात शिजलेली भरली वांगी, ज्यांना इथे एण्णेगाई म्हणतात. मोडाच्या कडधान्याची उसळ, एखादी पालेभाजी, कच्चा कांदा, शेंगदाण्याची चटणी आणि तिच्यावर दही. मागून भात, आमटी, ताक. एका खानावळीत भाकऱ्या थापणारी अक्का दारातूनच दिसते. पिठाच्या गोळ्याला ती तळव्याच्या कडेनं अशी थाप देते, की परातीत भाकरी आपली आपण फिरत मोठी होते. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात, मग उलटून थेट जाळावर. फुगून वर आली की वाढप्या ती कापडात धरून पळतच ताटात आणतो. तिचा पापुद्रा काढून त्यात चटणी-दही घ्यावं. तिथे कन्नड आलं पाहिजे असं काही नाही. ‘अक्का, इन्नोंदु’ एवढं म्हटलं की आणखी एक भाकरी येते. शहर बसच्या पाट्या मात्र कन्नडमध्ये असतात, त्या वाचता येत नसतील तर कंडक्टरला बेधडक मराठीत विचारावं.

मांसाहारी मंडळी नियाजच्या बिर्याणीचं नाव घेतात. आम्ही खात नाही, म्हणून त्यावर बोलत नाही.

दोन जेवणांच्या मधला वेळ पायी फिरण्यात जातो आणि त्याला जवळजवळ खर्च नाही. बसस्थानकापासून किल्ला चालत जाण्याइतका जवळ आहे. खंदक ओलांडून आत गेलं की कमल बस्ती, रट्टांच्या काळातली, १२०४ सालची. आत काळ्या दगडाचा नेमिनाथ आहे, आणि मंडपाच्या छतातून दगडाचं कमळ खाली उमललेलं आहे. मान दुखेपर्यंत बघत राहावं असं ते काम आहे. किल्ल्यातच रामकृष्ण मिशनचा आश्रम. विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये बेळगावात राहिले होते. टिळकवाडीत १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची विहीर जपून ठेवली आहे. गांधीजी अध्यक्ष झाले ते एवढ्या एकाच अधिवेशनाचे. तिकडेच व्हॅक्सिन डेपोची झाडी, सकाळी चालायला उत्तम. अंगात दम असेल तर येळ्ळूरपर्यंत शहर बस आणि पुढे राजहंसगडाचा चढ. गोकाकचा धबधबा मोठा, ५२ मीटरचा, पण तो पावसाळ्यात आणि वेगळा दिवस काढून.

परतीची खरेदी शेवटी करावी. कुंदा कॅम्पातल्या पुरोहितांकडचा नावाजलेला आहे, पण गावात इतर ठिकाणीही चांगला मिळतो. दूध तासन् तास आटवून, साखरेसह परतून तपकिरी रवाळ होईपर्यंत काम चालतं, म्हणून फार पांढरट कुंदा मी घेत नाही. आधी चव मागावी, हाताच्या तळव्यावर चिमूटभर देतात. दोघांच्या घराला पाव किलो पुष्कळ होतो.

मांडे घ्यायचे असतील तर ते गाडीत बसण्याच्या अगदी आधी. पालथ्या तापलेल्या भांड्यावर भाजून, आत पिठीसाखर घालून घडी केलेले हे मांडे लग्नाच्या रुखवतात मिरवतात, आणि बोट जोरात लागलं तरी मोडतात. दुकानदाराकडून पुठ्ठ्याचं खोकं मागून घ्या. खोकं वरच्या फळीवर टाकू नका, कंडक्टरनं सांगितलं तरी. संकेश्वरच्या पुढे तवंदी घाटाची वळणं आहेत. तिथे ते ज्याला खिडकी मिळाली नाही त्याच्या मांडीवर द्यावं.