धष्टपुष्ट मेंढीच आधी का मरते?

संध्याकाळी भरल्या पोटी परतलेली मेंढी पहाटे वाड्यात मरून पडलेली दिसली, की पहिला संशय सापावर जातो. दुसरा, कुणी विष घातल्याचा. तिसरा नजरेचा, कारण मेलेली मेंढी बहुधा कळपातली सर्वांत भरदार असते. जालना जिल्ह्यात पीक निघालेल्या रानात कळप बसवण्याची जुनी रीत आहे. विषाच्या संशयावरून रानमालक आणि मेंढपाळ यांचे संबंध उगाच बिघडतात. अशा कितीतरी मरणांमागे आंत्रविषार हा आजार असतो, आणि त्याचा जंतू मेंढीच्या आतड्यात आधीपासूनच राहत असतो.

क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हे त्याचे नाव. मेंढ्यांतला आंत्रविषार त्याच्या ‘डी’ प्रकारामुळे होतो. तो मातीत असतो, निरोगी मेंढीच्या आतड्यातही थोड्या संख्येने असतो आणि एरवी काही बिघडवत नाही. मका किंवा ज्वारी काढलेल्या रानात कणसे, दाणे सांडलेले असतात. कळप त्यावर तुटून पडतो, आणि जी दांडगी ती जास्त खाते. एवढे पिष्ट कोठीपोटात पचत नाही. ते तसेच लहान आतड्यात उतरते आणि या जंतूला अचानक मेजवानी मिळते. काही तासांत त्याची संख्या अफाट वाढते आणि तो एप्सिलॉन नावाचे विष सोडतो. हे विष सुटते तेव्हा निष्प्रभ असते. त्याला जहाल बनवतो मेंढीचाच ट्रिप्सिन हा पाचक रस. मग ते आतड्याच्या भिंतीतून रक्तात आणि तिथून मेंदू व मूत्रपिंडापर्यंत पोहोचते. मेंढी डोके मागे टाकते, पाय झाडते, आचके देते आणि मरते. जून-जुलैत कोवळ्या हिरव्या गवतावर एकदम सोडलेल्या कळपातही हेच घडू शकते.

‘ही साथ आहे, एकीची दुसरीला लागते,’ असे अनेकांना वाटते. एकाच रानात चार मेंढ्या मेल्या तर तसे वाटणारच. पण त्या चौघींनी एकच चारा खाल्लेला असतो. म्हणून पहिले मरण दिसताच कळप त्या रानातून हलवावा आणि कोरडा चारा द्यावा.

ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यांनी लागणारी किराळ मात्र वेगळी. ती सायनाइडची विषबाधा आहे. जनावर खाता खाता, काही मिनिटांतच कोसळू शकते, रक्त लालभडक दिसते आणि डॉक्टर वेळेत पोहोचले तर उतारा देता येतो. आंत्रविषारात लक्षणे दिसेपर्यंत विष रक्तात भिनलेले असते. प्रतिजैविकाचे इंजेक्शन जंतू मारेल, पण सुटलेले विष परत घेता येत नाही. मेलेल्या मेंढीचे शवविच्छेदन पशुवैद्यकाकडून लगेच करून घ्यावे. मऊ पडलेले मूत्रपिंड आणि लघवीतली साखर निदानाला मोठी मदत करतात. असे मांस ‘ताजेच आहे’ म्हणून खाणे सरळ चूक आहे.

उपाय एकच खरा, लस. पुण्यात औंधच्या पशुवैद्यकीय जैविक उत्पादन संस्थेत ती तयार होते. पावसाळ्याआधी, मे महिन्यात ती टोचून घ्यावी. पहिल्या वेळी दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा, पुढे दरवर्षी एक. एकदा टोचली म्हणजे जन्माचे झाले, हा समज महागात पडतो. ‘लसीने मेंढी गाभडते’ हीदेखील धास्ती ऐकू येते. उलट विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी टोचलेल्या मेंढीच्या चिकातून कोकराला पहिले संरक्षण मिळते. शेळीत हगवण जास्त असते, दुखणे कधी काही दिवस रेंगाळते आणि लसीचे बळही मेंढीइतके टिकत नाही. शेळ्यांचे वेळापत्रक म्हणूनच डॉक्टरांना वेगळे विचारावे.

मेंढीचा हा आजार माणसाला होतो का? ‘डी’ प्रकाराचा त्रास माणसात अतिशय दुर्मीळ आहे. पण त्याच जंतूचा ‘ए’ प्रकार सप्ताहाच्या महाप्रसादात, लग्नाच्या जेवणात गाठू शकतो. ‘उकळले की सगळे जंतू मरतात’ हा समज इथे फसवतो. या जंतूचे बीजाणू उकळीतून वाचतात. मोठ्या कढईतली आमटी किंवा मटणाचा रस्सा रात्रभर कोमट राहिला, की ते उगवतात आणि वाढतात. खाल्ल्यावर 6 ते 24 तासांत पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. बहुतेकांना दिवसभरात आराम पडतो, वृद्ध आणि लहान मुलांना मात्र जपावे लागते. उरलेले अन्न लहान, पसरट भांड्यांत काढून लवकर थंड करावे आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे. फ्रीज नसेल तर गरजेपुरतेच रांधावे. पुन्हा तापवताना तळापासून ढवळून सगळी आमटी खळखळ उकळू द्यावी, म्हणजे उगवलेले जंतू पोटात जाण्याआधीच मरतात.