फटफटीचा प्रवास आणि प्रांतोप्रांतीचा स्नेह

माणसे एकमेकांना भेटली की त्यांच्यातील परकेपणा आपोआप सरतो, असा एक भाबडा समज आहे. आगगाडीच्या डब्यात चार प्रांतांची माणसे मांडीला मांडी लावून रात्रंदिवस प्रवास करतात. परंतु स्टेशन आले की जो तो आपले सामान उचलून चालू लागतो, आणि शेजाऱ्याचे नावही पुष्कळदा विचारावयाचे राहून जाते. उलटपक्षी, दहा-पंधरा मोटारसायकलस्वार दोन दिवस एकत्र हिंडून येतात आणि त्यांच्यापैकी काहींचा स्नेह वर्षानुवर्षे टिकतो. प्रवास दोन्हीकडे आहे, सहवासही दोन्हीकडे आहे. मग फरक कोठे आहे, हे पाहण्यासारखे आहे.

या विचाराला नागपूरसारखे दुसरे सोयीचे ठाणे नाही. श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणारा ४४ क्रमांकाचा आणि गुजरातेतून ओरिसाच्या किनाऱ्याकडे जाणारा ५३ क्रमांकाचा, असे दोन राष्ट्रीय महामार्ग येथे एकमेकांस छेदतात. नागपुरातील शून्य मैलाच्या स्तंभावर जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, हैदराबाद अशा गावांची अंतरे कोरलेली आहेत. १९५६ सालापर्यंत जबलपूर, रायपूर आणि नागपूर यांची राजधानी एकच, म्हणजे नागपूर, होती. राज्यपुनर्रचनेनंतर नागपूर मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात आले आणि कालपर्यंत एका दरबारात दाद मागणारे लोक एकमेकांस परप्रांतीय झाले. सीमा कागदावर आखल्या गेल्या. तरी रस्ता मात्र पूर्वीसारखाच वाहतो. सकाळी नागपुराहून निघालेला स्वार मनसर, देवलापार ओलांडून खवाशाशी पोहोचतो, तोवर मराठीची हिंदी केव्हा झाली हे त्याला कळत नाही. दक्षिणेस पैनगंगा ओलांडली की तेलुगू पाट्या दिसू लागतात, आणि आदिलाबादच्या बाजारात तरीही मराठी ऐकू येते. पूर्वेस साकोली, देवरीवरून पुढे जावे, तर छत्तीसगडीची गोडी लागते.

परंतु नुसते हिंडून स्नेह जडत नाही. तो जडतो समूहाने चालण्याच्या शिस्तीमुळे, आणि ही शिस्त समजून घेतली पाहिजे. अशा तांड्यात सर्वांत पुढे वाट जाणणारा एक स्वार असतो. त्यास 'लीड' म्हणतात. सर्वांत मागे दुसरा अनुभवी स्वार असतो, तो 'स्वीप'. त्याच्या मागे कोणी राहावयाचे नाही, असा दंडक असतो. मधले स्वार एका रेषेत न चालता एक डावीकडे, एक उजवीकडे, असे एकाआड एक चालतात. त्यामुळे पुढचा एकाएकी थांबला, तरी मागच्यास जागा उरते. थांबावयाचे, सावकाश व्हावयाचे, रस्त्यात खड्डा आहे, हे सारे हातापायांच्या खुणांनी पुढून मागे कळविले जाते. येथे मराठी, हिंदी, तेलुगू यांचा प्रश्नच उरत नाही. खूण ज्याला कळली आणि ज्याने ती मागे पोचविली, तो आपला.

नवशिक्या स्वाराला लीडच्या लगेच मागे ठेवतात. पुढच्याने वेग ताशी साठावरून चाळीसवर आणला की मागच्या प्रत्येकाला ते उमगावयास क्षणभर लागतो आणि तो थोडा अधिकच वेग कमी करतो. असे होत होत शेवटचा स्वार जवळजवळ थांबतो. पुढे पुन्हा वेग वाढला की हाच शेवटचा स्वार ऐंशीने धावल्यावाचून तांडा गाठू शकत नाही. म्हणजे पुढच्याची लहानशी बेपर्वाई मागच्याच्या जिवावर बेतते. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. म्हणून वेग ठरवावयाचा तो सर्वांत दुबळ्या स्वाराच्या बेताने आणि पेट्रोलसाठी थांबावयाचे ते सर्वांत लहान टाकीच्या हिशेबाने, हा नियम केवळ सौजन्याचा नव्हे, जीवनमरणाचा आहे.

परस्परावलंबनाचे हे सामर्थ्य मानसशास्त्रज्ञांनीही पारखून पाहिले आहे. १९५४ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात मुझफर शेरीफ या शास्त्रज्ञाने शाळकरी मुलांचे दोन गट एका छावणीत ठेवले. सामन्यांची चुरस लागताच दोन्ही गटांत वैर माजले. त्यांना एकत्र जेवू घातले, एकत्र चित्रपट दाखविले. वैर गेले नाही. पुढे छावणीचे पाणी तुटले, शिधा आणणारी मोटार अडली, आणि दोन्ही गटांना मिळून एका दोराने ती ओढावी लागली. अशी कामे एकामागून एक अंगावर पडली, तेव्हा वैर ओसरत गेले. आगगाडीचा डबा आणि मोटारसायकलींचा तांडा यांतील भेद हाच आहे. डब्यातील माणसे शेजारी असतात, तांड्यातील माणसे एकमेकांच्या हवाली असतात.

यंत्र बिघडले म्हणजे या नात्याची खरी परीक्षा होते. जुन्या जावा आणि येझदी गाड्यांचे उदाहरण बोलके आहे. यंत्राची घडण चेकोस्लोव्हाकियाची, कारखाना म्हैसूरचा, आणि 'येझदी' हे नाव इराणातील यझ्द नगरावरून घेतलेले! तो कारखाना १९९६ साली बंद पडला. तेव्हा एखाद्या सुट्या भागासाठी एका प्रांतातील मालकाला दुसऱ्या प्रांतातील मालकाचे दार ठोठवावे लागले. गरजेतून ओळख झाली. आज जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अनेक शहरांत या गाड्यांचे मालक एकत्र जमतात. क्लचची तार ओढून बसविणाऱ्या मिस्त्रीचे आडनाव त्या वेळी कोणी विचारीत नाही.

विदर्भाने या कल्पनेचे थोर रूप मोटारसायकलीच्याही अगोदर सायकलीवर पाहिले आहे. १९८५ च्या डिसेंबरात आनंदवनाचे बाबा आमटे यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली. शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर होत्या, आणि सत्तरी ओलांडलेले बाबा पाठीच्या दुखण्यामुळे वाहनात आडवे पडून त्यांच्याबरोबर चालले. त्या वेळी पंजाब दहशतवादाने होरपळत होता. सुमारे पाच हजार किलोमीटरांची ती वाट मौजेची नव्हती. १९८८ साली त्यांनी ईशान्येकडून गुजरातपर्यंत दुसरी यात्रा नेली. एकाने दुसऱ्याची भाषा शिकावी, ही साने गुरुजींची आंतरभारतीची तळमळ अशा रीतीने रस्त्यावर उतरली.

तथापि या साधनाच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. मोटारसायकल, पेट्रोल आणि सुटी ही तिन्ही ज्याला परवडतात, त्याच्यापुरतेच हे वर्तुळ आहे. एकाच गल्लीतील, एकाच बोलीचे दहा मित्र भोंगे वाजवीत गावोगाव धुरळा उडवून आले, तर त्यातून प्रांतोप्रांतीचा स्नेह नव्हे, गावकऱ्यांचा रोष मात्र पदरात पडतो. तांड्यात परका स्वार असला पाहिजे. त्याच्यावर एखादी जबाबदारी सोपविली पाहिजे. मुक्कामाच्या गावी थांबून तेथल्या माणसांशी चार शब्द बोलले पाहिजेत.

नागपूरच्या एखाद्या घरातील मुलगा वा मुलगी उद्या अशा प्रवासास निघाली, तर वडीलधाऱ्यांनी शिरस्त्राण आहे ना, एवढे पाहावेच. त्याबरोबर दोन गोष्टी अवश्य विचाराव्या: तांड्यात आपल्याहून वेगळ्या बोलीचा कोणी आहे काय, आणि सर्वांत मागे कोण चालणार आहे? या दोन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर त्या प्रवासाला आनंदाने निरोप द्यावा.