परसातील कोंबड्या, तबेल्यातील घोडे आणि नागपूरची थंडी

नागपूर : उन्हाळा तोंडावर आला की नागपूरकर कूलरमध्ये नवा वाळा भरून सज्ज होतात. हिवाळ्याची तशी तयारी सहसा कोणी करीत नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी शहराचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सियसपर्यंत घसरले आणि ७ जानेवारी १९३७ चा ३.९ अंशांचा नीचांक मोडला गेला. असे दिवस विरळाच. एरवी डिसेंबर-जानेवारीत रात्री बारा-तेरा अंश आणि दुपारी अठ्ठावीसच्या आसपास, असा एकाच दिवसातला चढउतार असतो. परसात दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबांची आणि नवरदेवासाठी घोडी पुरविणाऱ्या व्यावसायिकांची खरी कसोटी या चढउतारातच लागते.

गारठा वाढला की मालक पहिले काम करतो ते खुराडे बंद करण्याचे. चहूबाजूंनी गोणपाट, त्यावर प्लास्टिक, आणि वर पुन्हा ताडपत्री. हेतू चांगला असला तरी परिणाम नेमका उलटा होतो. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश असते आणि पिसे फुलवून ती अंगाभोवती उबदार हवेचा थर धरून ठेवते. मोठ्या, कोरड्या कोंबडीला नागपूरची थंडी सहज सोसते. सोसत नाही तो कोंदटपणा. बंद खुराड्यात श्वासाची वाफ साचते, विष्ठेने गादी ओलसर होते आणि त्यातून अमोनिया वायू सुटतो. सकाळी खुराडे उघडताच नाकाडोळ्यांना झोंबणारा वास आला, तर तोच वायू रात्रभर कोंबड्यांच्या श्वासनलिकेत गेला आहे, असे समजावे. शिंका, घरघर आणि डोळ्यांतून पाणी ही लक्षणे त्यापाठोपाठ येतात. म्हणून पडदे वाऱ्याच्या बाजूने, कोंबडी बसते त्या उंचीपर्यंतच असावेत. छताखालची वीतभर जागा मोकळी राहिलीच पाहिजे. भाताच्या तुसाची गादी रोज खालीवर करणे आणि ओली झालेली काढून टाकणे, हे काम पडद्यापेक्षा मोलाचे ठरते. बंद खुराड्यात कोळशाची शेगडी ठेवणे तर प्राणावर बेतू शकते. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

पिलांचा प्रकार निराळा. पिसे फुटेपर्यंत त्यांना स्वतःची ऊब राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांच्याजवळ सुमारे ३५ अंश तापमान लागते. पुढे ते दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करीत न्यायचे. थर्मामीटर नसेल तर पिलांकडेच पाहावे. दिव्याखाली दाटी केली तर ती गारठली आहेत, कडेला पांगली तर ऊब जास्त झाली आहे.

हिवाळ्यात अंडी घटतात, त्याचा दोष बहुधा थंडीला दिला जातो. वस्तुतः मुख्य कारण प्रकाशाचे आहे. भरपूर अंडी देण्यासाठी कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो आणि डिसेंबरअखेरीस नागपुरात दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. दिवा लावायचाच असेल तर तो पहाटे लावावा. रात्री दिवा अचानक विझला की दांडीवर न चढलेल्या कोंबड्या अंधारात जमिनीवरच अडकून पडतात.

याच दिवसांत अंबाझरी, गोरेवाडा या तलावांवर स्थलांतरित पक्षी उतरतात. त्यांचे कौतुक जरूर करावे, परंतु बर्ड फ्लूचा विषाणू थंड पाण्यात अधिक काळ टिकतो, हे विसरू नये. गोरेवाडा बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ अखेरीस तीन वाघ व एका बिबट्याचा मृत्यू झाला आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने जानेवारी २०२५ मध्ये एच५एन१ चे निदान केले. परसात एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या तर त्या उघड्यावर न फेकता पशुसंवर्धन विभागाला कळविणे आवश्यक आहे.

घोड्याचा हिवाळा लग्नसराईशी बांधलेला आहे. तुळशीच्या लग्नानंतर वरातींची रीघ लागते. जड झूल, खोगीर, बँडचा गोंगाट यांत घोडी घामाने निथळते आणि रात्री अकराला तशीच थंड वाऱ्यात उभी केली जाते. केस ओले झाले की त्यांची ऊब धरून ठेवण्याची शक्ती संपते. पंधरा-वीस मिनिटे सावकाश फिरवणे, कोरड्या तणसाने किंवा पोत्याने अंग पुसणे आणि मगच पाठीवर कोरडे पांघरूण टाकणे, हा जाणत्या मोतद्दारांचा क्रम शास्त्रालाही मान्य आहे. टाकीतले पाणी गार असल्याने घोडा पाणी कमी पितो; त्यातच चारा सुका असला तर पोटशूळ उद्भवतो. कोमट पाणी आणि चाऱ्यासोबत थोडे मीठ हा त्यावरचा स्वस्त उपाय.

पौष लागला की मुहूर्त थांबतात, घोडा दावणीला बसतो. मात्र चंदी तेवढीच सुरू राहते. युरोपात रविवारी विश्रांती घेऊन भरपेट दाणा खाल्लेले ओढकामाचे घोडे सोमवारी कामाला जुंपताच आखडत, म्हणून या विकाराला ‘सोमवारचा आजार’ हे नाव पडले. नागपुरात हा सोमवार मुहूर्त पुन्हा सुरू होतात त्या दिवशी येतो. मागचे पाय ताठरतात, घाम फुटतो, लघवी कॉफीच्या रंगाची होते. अशा वेळी घोड्याला चालवू नये. जागच्या जागी थांबवून पशुवैद्यकाला बोलवावे. काम नसताना चंदी निम्म्यावर आणून रोज थोडे फिरवले, तर हा प्रसंग सहसा येत नाही.

एकाच आवारात दोन्ही प्राणी असतील, तर आणखी एक धोका आहे आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. कोंबड्या लिदीतील किडे टिपतात, त्यामुळे ही जोडी सोयीची वाटते. परंतु कोंबड्यांच्या, विशेषतः ब्रॉयलरच्या, तयार खाद्यात रक्ती हगवण रोखण्यासाठी मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन मिसळलेले असते. कोंबडीला निर्धोक असलेले हे औषध घोड्याच्या हृदयाचे स्नायू निकामी करते. मोनेन्सिनची घातक मात्रा घोड्यासाठी शरीराच्या दर किलो वजनामागे अवघी दोन ते तीन मिलिग्रॅम आहे. कोंबडी तिच्या कित्येक पट सहन करते. थंडीत भूक वाढलेला घोडा फाटक्या पोत्यात तोंड घालतो किंवा घाईत एकाच घमेल्याने दोघांना खाद्य दिले जाते. या विषावर उतारा नाही. दोन्ही खाद्ये वेगळ्या खोलीत, झाकणाच्या पिंपात ठेवावीत आणि घोड्याने कोंबडीखाद्य खाल्ल्याची शंका आली, तर सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यक महाविद्यालयाच्या दवाखान्याशी संपर्क साधताना पोत्यावरची चिठ्ठी हाताशी ठेवावी.