दीड मिलिमीटर हवा

आमच्या रत्नागिरीच्या घरात माजघराच्या भिंतीवर आजीचा एक फोटो होता. नऊवारी, नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि डाव्या गालावर तळहाताएवढा चकचकीत डाग. आजीच्या गालावर असलं काही नव्हतं बरं का! तिथे फोटो काचेला चिकटलाय. चिकटला म्हणजे असा की आता तो काचेचाच झालाय. मी लहानपणी एकदा कोपऱ्यातून नखाने सोडवायला गेले, तर पदराचा एक तुकडाच काचेवर राहिला. पुढचं विचारू नका.

हा फोटो चिकटला कशाने? घरात कोणी गोंद लावला नव्हता. याचं उत्तर मला इतक्या वर्षांनी मिळालं, तेही भाचीने काढलेल्या खेकड्यामुळे.

खेकडा झकास होता. लाल, तिरका, एक नांगी दुसरीपेक्षा मोठी. तो मढवून घ्यायचा म्हणून आम्ही दोघी बाजारातल्या फ्रेमवाल्या काकांकडे गेलो. काकांनी चित्र मोजलं आणि विचारलं, "माउंट घालायचा ना?"

माउंट म्हणजे चित्राभोवतीचा तो जाड पुठ्ठा, मधोमध खिडकी कापलेला. भाचीला तो मुळीच पटला नाही. "एवढी कोरी जागा कशाला? तिथे अजून दोन खेकडे बसले असते!"

काकांनी पुठ्ठ्याचा एक तुकडा तिच्या हातात दिला. "जाडी बघ." जेमतेम दीड मिलिमीटर, जवळजवळ एक रुपयाच्या नाण्याइतकी. "पुठ्ठा दिसतो, पण तू पैसे देतेस ते काच आणि चित्र यांच्यामधल्या हवेचे."

आता आजीच्या गालाकडे या. छापील फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि चित्र त्या थरात असतं. जिलेटिन तुम्ही खाल्लंय. बाजारातल्या काही जेलींमध्ये ते असतं आणि औषधाच्या कॅप्सूलचं कवचही बहुतेक वेळा त्याचंच. ओल्या बोटांनी कॅप्सूल धरून बघा, लगेच चिकट होते. कोकणातल्या पावसाळ्यात हवाच ओल्या बोटांसारखी! रात्री काच गार पडली की आतल्या हवेतली वाफ तिच्यावर जमते, जिलेटिन ते पाणी पिऊन फुगतं आणि काचेला बिलगतं. ऊन पडल्यावर वाळतं, पण काच काही सोडत नाही. मध्ये दीड मिलिमीटर हवा असती, तर आजीचा गाल वाचला असता.

भाचीने माउंटला होकार दिला. पण रंग निवडायला तिने पंचवीस मिनिटं घेतली, तेवढ्यात मी काकांचं काम बघून घेतलं.

काच कापायला त्यांच्याकडे पेनासारखं एक अवजार होतं. जुने कारागीर त्याला हिरकणी म्हणतात. रायगडाचा कडा उतरून गेलेली नव्हे हो. ही हिरकणी म्हणजे हिऱ्याचा कण. हल्ली टोकाला हिऱ्याऐवजी कडक धातूचं इवलंसं चाक असतं. काकांनी ते घासलेटात बुडवलं, पट्टी धरली आणि काचेवरून एकदाच ओढलं. कर्रर्र. काच तर होती तशीच! मग त्यांनी ती टेबलाच्या काठाशी धरून अलगद दाबली. टक्! दोन तुकडे, रेघेवर सरळ. म्हणजे हिरकणी काच कापतच नाही, नुसता ओरखडा काढते. काच वाकवली की सगळा ताण त्या ओरखड्याच्या टोकाशी गोळा होतो आणि चीर त्याच वाटेने धावत सुटते. चिक्कीच्या गरम पाटावर आई आधी सुरीने रेघा पाडून ठेवते ना, तसंच.

चौकटीच्या पट्ट्यांचं काम त्याहून चिकाटीचं. चौकटीचा कोपरा ९० अंशांचा, तो दोन पट्ट्यांनी मिळून करायचा, म्हणून प्रत्येक टोक ४५ अंशांत तिरकं कापायचं. चार पट्ट्या, आठ टोकं. समजा, प्रत्येक काप फक्त अर्धा अंश कमी पडला. अर्धा अंश डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. पण आठ अर्धे म्हणजे चार! तीन कोपरे घट्ट जुळवले की सगळी चूक चौथ्या कोपऱ्यात येऊन बसते, चार अंशांची फट होऊन. जाड कागदाच्या चार पट्ट्या कापून घरी करून बघा. पहिल्या खेपेला जमलं तर मला कळवा, मला अजून जमलेलं नाही.

पट्टी लाकडाची असली तर वेगळीच गंमत. ओल लागली की लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून रुंद पट्टीचे सांधे पावसाळ्यात बाहेरच्या टोकाला जरा उकलतात आणि कडक उन्हाळ्यात आतल्या टोकाला. कोपरा बघून ऋतू ओळखता येईल! काकांकडच्या बऱ्याचशा पट्ट्या मात्र 'फायबर'च्या, म्हणजे पॉलिस्टायरीनच्या, थर्मोकोलच्या सख्ख्या भावंडाच्या. त्यांना ऋतूंशी काही देणंघेणं नाही.

"उन्हासमोर लावू नका," पाठीमागे तपकिरी कागद डकवताना काका म्हणाले. (तो कागद धूळ आणि कसर अडवायला. कसरीला कागद आणि खळ दोन्ही आवडतात.) साधी काच उन्हातले अतिनील किरण थोडेच अडवते, बरेचसे आत शिरतात आणि रंग फिके करतात. स्वस्त पुठ्ठाही उजेडात पिवळा पडतो, कारण त्यात लाकडातलं लिग्निन शिल्लक असतं. खिडकीत वर्तमानपत्र ठेवा, अर्ध्यावर पुस्तक झाका आणि आठवड्याने पुस्तक उचला. पुस्तकाची कड कागदावर उमटलेली दिसेल.

तुमच्या घरीही एक कोडं असेल. पणजोबांचा काळा-पांढरा फोटो ठणठणीत, आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी काढलेला बाबांच्या बारशाचा रंगीत फोटो मात्र तांबूस. असं उलटं कसं? काळ्या-पांढऱ्या फोटोत चित्र असतं चांदीच्या बारीक कणांचं. रंगीत फोटो धुताना चांदी काढून टाकतात आणि पिवळा, किरमिजी, निळसर असे रंगांचे तीन थर मागे राहतात. जुन्या फोटोंमधला निळसर थर सगळ्यात नाजूक, बंद अल्बममध्येसुद्धा तो विरत जातो. उरलेले दोघे मिळून बाबांना तांबडं करतात.

घरोघरी फोटो नव्हते तेव्हाही लोक तसबिरी मढवतच होते. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथल्या छापील लक्ष्मी-सरस्वती चौकटींत बसून घरोघरी गेल्या. जुन्या घरांत अशा तसबिरी छताजवळ, पुढे झुकवून टांगत. खालून नीट दिसाव्यात आणि काचेवर खिडकीची चकाकी कमी यावी म्हणून. मागे राहिलेल्या तिरक्या जागेत चिमण्या खुशाल घरटं करत. काडी पडायची ती थेट जेवणाच्या ताटात!

खेकडा चार दिवसांनी घरी आला. माउंट शेवटी वाळूच्या रंगाचा निघाला. मग काकांना आजीचा फोटोही दाखवला. त्यांनी तो उजेडाकडे तिरका धरला आणि मान हलवली. "सोडवू नका, फाटेल. आहे तसा काचेवरूनच स्कॅन करा."

तसं केलं. नव्या प्रतीत डाग आला होता, तो संगणकावर बराचसा पुसता आला. फाटलेला पदर नाही जमला. ती प्रत आता माउंटसकट भिंतीवर आहे, आणि जुना फोटो त्याच्या काचेला धरून कपाटात, उभा.