किट लेन्स बदलायची? आधी तिची परीक्षा घ्या

डीएसएलआर कॅमेऱ्याबरोबर खोक्यातच मिळणारी १८-५५ मिमीची झूम लेन्स वर्षभरात मनातून उतरते. फोटो धूसर आला, की खापर तिच्यावर. मग नव्या लेन्ससाठी पैसे साठवायला सुरुवात! तुम्ही चेन्नईत राहत असाल किंवा सुट्टीत तिकडे जाणार असाल, तर पैसे खर्चण्याआधी या लेन्सला एक दिवस द्या.

सकाळी मरीनावर जा. समुद्राचं क्षितिज म्हणजे फुकटची फूटपट्टी. कॅमेऱ्यातली लेन्सची आपोआप दुरुस्ती बंद करा, झूम १८ वर ठेवा आणि क्षितिज चौकटीच्या वरच्या कडेजवळ घ्या. रेषा मधोमध किंचित फुगलेली दिसेल. ३५ च्या आसपास हा बाक बराच कमी होतो. स्वस्त झूममध्ये हे चालायचंच. एवढ्यासाठी लेन्स बदलू नका.

मैलापूरला कपालेश्वराच्या सुमारे ३७ मीटर उंच पूर्व गोपुराखाली उभं राहून कॅमेरा वर केलात, तर गोपूर मागे कललेलं दिसतं. तो लेन्सचा दोष नव्हे. कॅमेरा वर तिरका धरला, की महागड्या लेन्समधूनही तसंच दिसणार.

खरी कसोटी विटांच्या भिंतीची. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीला अगदी समांतर ठेवा आणि हात स्थिर धरणारी सोय बंद करा. १८, ३५ आणि ५५ वर दोन-दोन फोटो काढा: एक छिद्र पूर्ण उघडून, एक एफ/८ वर. घरी मोठ्या पडद्यावर चारही कोपरे पाहा. सगळे सारखेच थोडे मऊ असतील आणि एफ/८ ला सुधारत असतील, तर लेन्स ठणठणीत आहे. पुन्हा पुन्हा एकच बाजू पुसट येत असेल, तर आतली काच सरकलेली असू शकते. वॉरंटी असेल तर दुकान गाठा. जुनी लेन्स घेत असाल तर नाही म्हणा.

संध्याकाळी मात्र ही लेन्स खरोखर कमी पडते. समजा, मुलीचं अरंगेत्रम आहे. (भरतनाट्यमच्या आजच्या क्रमाला आकार देणारे चार तंजावर बंधू सरफोजीराजांच्या दरबारातले, हे मराठी माणसाने ठाऊक ठेवावं.) १८ वर छिद्र एफ/३.५ असतं, ५५ वर एफ/५.६; म्हणजे झूम केलात, की प्रकाश अडीच पटींनी घटतो. स्थिरीकरण तुमचा हात सावरतं, नाचणाऱ्या मुलीचा नाही! तिचे हात गोठवायला १/२५० सेकंद तरी हवा. इथे एफ/१.८ ची ५० मिमी लेन्स ५५ वरच्या किट लेन्सच्या जवळजवळ दहापट प्रकाश घेते, आणि नव्या लेन्समध्ये बहुधा तीच सर्वांत स्वस्त असते. झूम नाही, पण पुढच्या रांगेतली खुर्ची मिळवा. एफ/२.८ ची महाग झूम चौपटच प्रकाश देते; घरच्या कार्यक्रमांसाठी मी ५० मिमीच घ्या म्हणेन. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांच्या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नसते, तेव्हा लेन्सवर ‘एएफ-एस’ लिहिलेलं पाहूनच घ्या.

चेन्नईच्या दमट हवेत आणखी एक शत्रू असतो, बुरशी. लेन्स कॅमेऱ्यातून काढा, पुढून मोबाइलचा टॉर्च मारा आणि मागून तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती लेन्स इतर लेन्सपासून वेगळी ठेवा आणि साफ करून घ्या. चामड्याच्या पिशवीत लेन्स कधीच ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरेत. एसी गाडीतून मरीनावर उतरताना कॅमेरा अर्धा तास बंद बॅगेतच राहू द्या, नाहीतर काचेवर वाफ धरेल. तोवर गरम सुंडल खाऊन घ्या.