सायलेन्सरमधली माती

गेल्या काही वर्षांत इको गाड्यांच्या मालकांना एका चोरीने हैराण करून सोडले. सकाळी गाडी सुरू करावी तर कानठळ्या बसवणारा आवाज. वाकून बघावे तर सायलेन्सर गायब. पुणे जिल्ह्यातच नव्हे, राज्यभर अशा तक्रारी झाल्या. चोरांना पत्र्याशी देणेघेणे नसते. त्यांना हवी असते आतली ‘माती’, कारण तिच्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे महागडे धातू असतात.

ही माती म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा गाभा. मंचर आणि नारायणगावच्या मधल्या कळंबवरून पुणे-नाशिक महामार्गाने जाणाऱ्या पेट्रोल मोटारींच्या पोटात ती असतेच. आपल्याकडे १९९५ साली चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टरची सक्ती झाली. त्यासाठी आधी शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले. धातूच्या कणांवर शिसे बसले की ते निकामी होतात.

कन्व्हर्टरचा डबा कापला की आत कॉर्डिएराइट या सिरॅमिकचा ठोकळा दिसतो. त्यात आरपार गेलेल्या चौकोनी नळ्या असतात, बहुधा दर चौरस इंचाला ४००. नळ्यांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा, सच्छिद्र लेप असतो. अशा एक ग्रॅम ॲल्युमिनाची आतली-बाहेरची पृष्ठे उलगडून मोजली, तर शंभराहून अधिक चौरस मीटर भरतात, म्हणजे चांगली गुंठाभर जागा! तिच्यावर धातू पसरलेला असतो तो काही नॅनोमीटरच्या पुंजक्यांत, एकेकात शेकड्याने किंवा हजाराने अणू. काम करतात ते पुंजक्याच्या पृष्ठावरचे अणू. पोटातले अणू नुसते अडकून पडतात. म्हणून कण जितका बारीक, तितका धातू सत्कारणी लागतो. अख्ख्या गाडीचे काम काही ग्रॅम धातूत भागते ते यामुळेच.

पण बारीक कण बारीक राहायला तयार नसतात. धुराचे तापमान ८००-९०० अंशांवर गेले की ते सरकतात आणि पाण्यावरच्या तेलाच्या थेंबांसारखे एकमेकांत मिसळून मोठे होतात. पृष्ठ घटते, काम मंदावते. इथे खालच्या ऑक्साइडचा कस लागतो. टोयोटाच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले की तापलेल्या हवेत ॲल्युमिनावरचे प्लॅटिनम वाढत जाते, तर सिरिया, म्हणजे सिरियमचा ऑक्साइड, असलेल्या थरावर ते जागचे हलत नाही. प्लॅटिनम आणि सिरियम यांच्यामध्ये ऑक्सिजनचा अणू असतो, आणि तो दोघांनाही धरून ठेवतो.

सिरिया आणखी एक काम करतो. इंजिनात एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते, पण हे प्रमाण सतत थोडे खाली-वर होत राहते. हवा जास्त झाली की सिरिया ऑक्सिजन साठवतो, कमी पडली की सोडतो. धातूवर बसलेला धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड, शेजारच्या सिरियातून येणारा ऑक्सिजन, आणि दोघांची गाठ पडते ती धातू-ऑक्साइडच्या सीमारेषेवर. २०१३ मध्ये नेमक्या आकाराचे कण घेऊन केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट झाले: सीमा लांब, तर वेग जास्त.

ऑक्साइड धातूवर कुरघोडीही करतो. १९७८ मध्ये एक्सॉन कंपनीच्या टॉस्टर आणि सहकाऱ्यांनी टायटेनियावर, म्हणजे टायटेनियमच्या ऑक्साइडवर, प्लॅटिनमसारखे धातू ठेवून हायड्रोजनमध्ये ५०० अंशांपर्यंत तापवले. धातूची वायू धरण्याची ताकद जवळपास नाहीशी झाली. पुढे कळले की टायटेनियाचा पातळ पापुद्रा धातूवर चढतो. ऑक्सिजनने तो दूर करता येतो. उलट जपानमध्ये हारुता यांनी १९८७ मध्ये दाखवले की निष्क्रिय म्हणून ओळखले जाणारे सोने योग्य ऑक्साइडवर बारीक पसरले, तर शून्याखालच्या तापमानातही कार्बन मोनॉक्साइड जाळते.

हे ज्ञान आपल्यापासून दूर नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. एस. हेगडे यांनी धातूचे कण सिरियावर ठेवण्याऐवजी धातूचे आयनच त्याच्या स्फटिकजाळीत बसवले. पुण्यात पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून उभी आहे. उत्प्रेरकांचे संशोधक पॉल रत्नसामी तिचे संचालक होते. कळंबवरून जाणाऱ्या याच महामार्गावर, चाकणला, गाड्या तयार होतात.

बाजारात किंमत होते ती धातूची. पण त्याच प्लॅटिनमचा वितळवून गोळा केला तर तो धूर शुद्ध करू शकत नाही. कारागिरी आहे ती धातू आणि ऑक्साइड यांच्या सांध्यात, आणि तो सांधा गाडीच्या मालकाच्या हातात असतो. प्लग नीट ठिणगी देत नसेल, तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते; कण मिसळतात, कधी ठोकळाच वितळतो. इंजिन ऑइल जळत असेल, तर त्यातला फॉस्फरस कणांवर बसतो. म्हणून इंजिन झटके देऊ लागले किंवा ऑइल कमी होऊ लागले, तर ती दुरुस्ती पुढच्या सर्व्हिसिंगवर ढकलू नये. आणि ‘कन्व्हर्टरची जाळी काढून टाका, गाडी पळेल’ असा सल्ला कुणी दिला, तर त्याला साफ नाही म्हणावे. जाळी काढल्यावर जो विषारी वायू मोकळा सुटतो, तो महामार्गालगत राहणाऱ्यांच्याच छातीत जातो.